बोटभर आखूड

उचल ती पट्टी, कोरबिनियान. एका हाताने नको.
पाहिलंस? डोळ्यांनी धरलेला अंदाज
मनगटाला पटत नाही.
सोन्याइतकी जड, पण चोराच्या कामाची नाही.

आमच्याकडे ह्याला वोल्फ्राम म्हणतात. लांडगा.
जुने खाणवाले कथील गाळायचे,
हा दगड मध्ये आला की कथील कमी भरायचं.
शिव्या घालत त्यांनी ह्याला नाव ठेवलं.

ओतायचा म्हणशील, तर कशात?
चौतीसशे अंशांना ह्याचं पाणी होतं,
आणि तोवर मुशीचं झालेलं असतं.
म्हणून भुकटी. आधी पाइनच्या परागासारखी पिवळी,
मग हायड्रोजनमध्ये तापून करडी.
दाबून केलेली कांडी खडूसारखी असते,
तू शिंकलास तरी तुटेल.
भट्टीत ती वितळत नाही. कण कणाला धरतो, एवढंच,
आणि कांडी बाहेर येते बोटभर आखूड होऊन.
ते बोट कुठे गेलं विचारू नकोस.
मधली पोकळी होती ती.

थंड असताना हा मोडेन पण वाकणार नाही म्हणतो
आणि खरंच मोडतो.
पहिल्या आठवड्यात मी सात कांड्या मोडल्या.
फोरमन ओटमार काही बोलला नाही,
तुकडे मोजले आणि माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवले.

लाल होईस्तोवर तापव, मग घण सोसतो.
हिऱ्याच्या भोकातून ओढ,
त्याहून बारीक भोकातून, त्याहून बारीक,
शेवटची तार खिडकीशी धरल्याशिवाय दिसायची नाही.
ती दिव्यांत जायची. ते दिवे गेले.
तार विभागात आता सायकली लावतात.

सध्या चकत्या. क्ष-किरणांच्या नळीत फिरतात त्या.
मारा होतो त्यांच्यावर, आणि शंभरातला एक वाटा किरण होतो.
नव्याण्णव वाटे नुसता ताप.
तो सोसायला दुसरं कोणी पुढे येत नाही.

गेल्या जानेवारीत लेख नदीच्या पुलावर घसरले.
इस्पितळात हात फळीवर ठेवला, पोरगी म्हणाली, हलू नका.
वर नळीत काहीतरी गिरकी घ्यायला लागलं,
आधी गुणगुण, मग शीळ.
दुखतंय का, नोटबुर्गाबाई?
गप्प, म्हटलं, ऐकू दे.
आवाजावरून ओळखत होते,
आमची आहे का.

हाड दोन ठिकाणी गेलं होतं. सांधलं.
हे बघ, दोन्ही हात शेजारी ठेवते.
बोटभर नाही.
पण आखूड.

चल, हातमोजे घाल.