वाचण्यापुरती परवानगी

अंबडच्या कारखान्यात, कॅन्टीनमागच्या जिन्याखाली
चौदा सर्व्हर.
बाहेर मे महिना, आत स्वेटर घालून मी.
बोरस्ते साहेब म्हणाले होते,
"सोमवारपर्यंत सगळ्यांची नाडी स्क्रीनवर दिसली पाहिजे.
आणि हिरवी दिसली पाहिजे."

पुण्याहून फोनवर एक मुलगा :
"मॅडम, रूट देऊन टाका ना, पाच मिनिटांचं काम."
उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला
उंटही हवा असतो, शेळ्याही,
वर गोठ्याची किल्ली.
नाही म्हटलं.

प्रत्येक यंत्रावर नवं खातं काढलं.
त्याला घर दिलं नाही, शेल दिला नाही,
हात तर नाहीच.
नुसते डोळे :
मेमरी किती, डिस्क किती, प्रोसेसर किती तापलाय.
प्रमाणपत्रं दोन्ही बाजूंनी,
मापणाऱ्यानेही आधी आपली ओळख पटवायची.
फायरवॉलला एकच भोक, सुईच्या नेढ्याएवढं,
त्यातून जाणार ते आकडे, तेही कुलूप लावून.

रात्री अकरा. सात नंबर.
सगळे त्याला म्हातारा म्हणायचे,
पगाराच्या तारखेला हमखास धापा टाकणारा.
पहिलाच आकडा आला :
मेमरी, सत्त्याण्णव टक्के.
कुणी विचारलं नव्हतं,
त्याने सांगितलं नव्हतं.

खोदत गेले, तर तळाशी एक स्क्रिप्ट.
दामोदर खैरनार, दोन हजार चौदा.
दर मिनिटाला तेरा शेजाऱ्यांच्या दारात जायची,
आहेस का?
आणि प्रत्येक "आहे" पोटात साठवायची.
ते पोट रिकामं करायचं
जाताना सांगायचं राहिलं असणार.
तिसऱ्या ओळीत, उघड्यावर,
सगळ्या यंत्रांचा मिळून एक पासवर्ड :
नाशिक@१२३.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
हे कुंपण तर प्रामाणिक होतं,
फाटकाची किल्ली मात्र
इतकी वर्षं बाहेरच्या खिळ्याला.

वर एक टीप होती :
"रात्री कुणाला उठायला लागू नये म्हणून."
मी खैरनारांना पाहिलेलं नाही.

अडीचला गांगुर्डे मामा चहा घेऊन आले,
काचेपलीकडेच थांबले. आत यायचा पास नाही त्यांना.
"मामा, तुम्ही पूर्वी धरणाच्या गेटवर होता ना?"
"गेटवर नाही हो. गेजवर.
तासातासाला पट्टी वाचायची,
आकडा वायरलेसवर सांगायचा, वहीत लिहायचा."
"आणि दरवाजे?"
"किल्ली दिली असती तर नोकरी सोडली असती मी.
पाणी बघणारा माणूस घाबरलेला असतो.
घाबरलेल्याच्या हाती दरवाजा देऊ नये."
मग कपातली साय बोटाने काढत म्हणाले,
"आपला दुतोंड्या मारुती घ्या.
कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार दुकानं उपसायला लागतो.
त्याला कधी कुणी म्हटलंय, बाबा, पूर थांबव?"

इशाऱ्यांना नावं द्यायची होती.
ऐंशीला गुडघा,
नव्वदला कंबर,
पंचाण्णवला छाती.
छातीच्या आत कुणालाही फोन करायचा नाही,
म्हणजे छातीला फोन आला
की लोक खरंच उठतील.
बोरस्ते साहेब विचारतील, हे काय?
विचारू देत.

चौदा वेगळे पासवर्ड. मग ती स्क्रिप्ट.
खैरनारांची टीप मी नव्या फाइलीत, वरच,
त्यांच्या नावासकट उतरवून घेतली
आणि तीन वाजून दहा मिनिटांनी एंटर दाबलं.

एक मिनिट
जिन्याखाली कुणीच कुणाला विचारलं नाही.

मग सात नंबरची रेघ घसरायला लागली,
ऐंशी, साठ, एक्केचाळीस.
काचेपलीकडे मामा कठड्याला टेकून पेंगत होते,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
बारा हिरवे झाले, सात नंबर तेरावा.

अकरा नंबर पिवळा.
गुडघ्याच्या जरा वर.
मर्यादा पाच टक्क्यांनी वाढवली असती
तर तोही हिरवा दिसला असता.
तसाच ठेवला.