मिश्र वापर

नगरपरिषदेत नकाशा लागला:
खाली गाळे, वर सदनिका,
जुन्या जिनिंगच्या जागी पार्किंग.
आमच्या गुजरीवर जांभळा रंग. मिश्र वापर.

सुपडाजी टेलर चष्मा पुसत म्हणाले,
"हे तं आहेच ना, साहेब.
खाली माही मशीन,
वर पोरगी बारावीचं वाचते,
पायरीवर शेवंता सांभार विकते,
दुपारी तिथंच बकरी निजते.
अजून काय मिसळता?"

मी टेप सोडली. दुसरं टोक त्यांनीच धरलं,
बोटात अंगुस्तान तसंच.
"नऊ फूट चार."
"पाच. भिंतीचं पोट सुटलंय,
माप पायाशी घ्या."
घेतलं. पाच निघाले.

बकरीला नकाशात खूण नव्हती.
पेन्सिलीनं एक टिंब ठेवलं.

अमरावतीहून मंजुरी आली तेव्हा
तिथं विजेचा खांब होता.