खंदक उपसताना

या मार्चमध्ये राउन्सहोल्मचा खंदक उपसायला घेतला.
चारशे वर्षांचं पाणी, असं माहितीपत्रकात छापलंय.
पाणी कसलं चारशे वर्षांचं?
ते दर हिवाळ्यात गोठतं, सुटतं,
चरांतून बीटच्या शेतांकडे निघून जातं.
जुना असतो तो गाळ.

पंप तीन दिवस घरघरत राहिला.
पाण्यात उलटी उभी असलेली गढी
वीत वीत आकसत गेली, लाल विटा, पायऱ्यापायऱ्यांचे माथे,
शेवटी एका डबक्यात एकच खिडकी उरली
आणि तिच्यात वळवळणारी वाम.

तिकिटं फाडणारी ट्यूरा गमबूट चढवून खाली उतरली.
वाम आधी बादलीत टाकली.
मग निळ्या फुलांच्या बशांचे तुकडे निघाले,
बाटल्या, एक कुलूप किल्लीविना,
कुत्र्याचा पितळी पट्टा, त्यावर कोरलेलं नाव: हेक्टर.
आणि लाकडी बूट. एकच. डावा.
आत ओटचं काड अजून दाबून बसलेलं,
कुणाची तरी बोटं गारठू नयेत म्हणून.

म्युझियमच्या एस्किलने मापं घेतली, फोटो काढला,
वहीत लिहिलं: मालकी अज्ञात.

ट्यूराने बूट उलटा केला.
टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, तिरकी.
नाकस्कोचा चांभार तिच्या आईला म्हणायचा,
तुमच्या घरात डावी टाच आधी जाते, बाई.

खापरपणजी सिसल इथेच गाई पिळायची.
तिच्याबद्दल घरात एवढंच शिल्लक आहे:
पहाटे तीनला उठायची,
आणि लिंडनच्या झाडांमधला रस्ता बग्ग्यांसाठी होता,
गवळणींनी चराच्या उतारावरून जायचं,
दुधाची भांडी हिंदकळू न देता.

ती एस्किलला काही बोलली नाही.
काय बोलणार? टाचेला पुरावा म्हणत नाहीत.

पाच वाजता फाटक लावून
ती बादली घेऊन ओढ्याकडे निघाली.
लोलंडचा सपाट मुलूख, नांगरलेला, काळा,
ट्रॅक्टरमागे सीगलांचा कलकलाट.
लिंडनच्या रस्त्यावर आता कुणीही चालावं.
ती मधोमध चालली
आणि दर पावलागणिक डावीकडून पाणी सांडत राहिलं
खडीवर, एक ओळ.

वाम बादलीत गोल गोल फिरत होती.
अर्ध्या वाटेत तिने हात बदलला.