अर्धा इंच

वहीत ती आहे पान एकशे बाराला:
एस्तेर रणपिसे, पाच हौदाच्या मागं.
छाती बत्तीस, कंबर पंचवीस, बाही एकवीस,
खांदा साडेतेरा; आणि शेजारी पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात,
डावा अर्धा इंच खाली.

धाकट्या भावाला पोलिओ. शाळा, चर्च, रॉकेलची रांग,
तो सगळीकडे हिच्याच कडेवर.
पुढं तो कुबड्यांवर फिरू लागला, पेपर टाकू लागला,
हिचा खांदा काही वर आला नाही.

पहिलं जॅकेट मी उधारीवर शिवलं.
बँडवाल्यांच्या कोटांतून उरलेली लाल मखमल,
अस्तराला छत्रीचं कापड.
डाव्या बाजूला पॅड जरा जास्त भरलं.
आरशापुढं उभी राहिली, हे वळून बघ, ते वळून बघ.
"काका, तुम्हाला कसं कळलं?"
टेपला कळतं, म्हटलं.

गल्लीत तिला एस्टी म्हणायचे.
एस्टी आली, एस्टी भरली, एस्टी आज लेट.
चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत गायची,
गणपतीच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या पुढं.
मग मुंबईहून कॅसेट कंपनीचा माणूस आला,
त्यानं नाव ठेवलं एस्ट्रा.
कपडे तिकडेच शिवू लागले.

केबलवर पहिलं गाणं लागलं तेव्हा
मी इस्त्री करत होतो.
चंदेरी जॅकेट, आणि ते डाव्या खांद्यावरून घसरतंय.
ती वर ओढते, ते घसरतं.
अरे, कुणी टेप लावली नाही का पोरीला?
पिंपळखऱ्यांची टेरीकॉटची पॅन्ट त्या दिवशी करपली.

महिन्याभरात फर्ग्युसन रस्त्यावर
सगळ्या पोरींचे डावे खांदे उघडे.
तुळशीबागेत एस्ट्रा टॉप साठ रुपयांना.
सदाशिव पेठेतल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या:
"तसंच घसरणारं शिवा. पण फार नको."
किती?
"बेताचं."
शिवलं, बेताचं घसरणारं.
त्या दोन वर्षांत एकशे चाळीस गळे वाकडे कापले,
त्या पैशांत दुसरं मशीन घेतलं.
खोटं कशाला बोलू.

नेहरू स्टेडियमला आली तेव्हा भावानं पास आणून दिला.
मी मागं, खांबाला टेकून.
जॅकेट घसरलं की सगळं स्टेडियम ओरडायचं.
नीट पाहिलं, तर आता ती मुद्दाम खांदा झटकत होती,
ओळीच्या शेवटाला, टाळी मिळेल अशा जागी.
ते तिला छान जमत होतं.
मला घरी जावंसं वाटलं. गेलो नाही.

तिसरी कॅसेट पूलगेटच्या फुटपाथवर दहाला मिळायची.
चौथी मी पाहिली नाही.
एकदा मांजरीला साडूच्या शेतावर गेलो होतो,
ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून
कॅसेटची फीत ताणून बांधलेली,
वारा आला की भुंग्यासारखी गुणगुणायची.
कुणाची रे ही?
साडू म्हणाला, पोरांची जुनी. कुठलीतरी एस्ट्रा.

परवा दुपारी ती दुकानात आली.
चष्मा, बारीक केस, पिशवीत कोथिंबीर.
वानवडीच्या शाळेत गाणं शिकवते.
भावाच्या मुलीच्या लग्नाला काळा कोट हवा होता.
"तुमचा हात थरथरतो का हो काका?"
थरथरतो, पण कापताना नाही.
छाती अडतीस. कंबर सांगत नाही, तिनं शपथ घातलीय.
खांद्यांवर टेप आडवी धरली आणि पुन्हा धरली.
उजवाही उतरलाय, म्हटलं. बरोबर अर्धा इंच.
"म्हणजे सरळ झाले की मी!"
आणि अशी हसली की चहाचा पोऱ्या दारात थांबला.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

पावती लिहिताना सवयीनं विचारलं, नाव?
ती कोथिंबिरीची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिली.
"एस्टी लिहा."

गुरुवारी ट्रायल आहे.
दोनशे ॲडव्हान्स दिलाय, नको म्हणत असताना.