दोन टाक्या

बोहुमिलनं फिल्टर आणला, तासाला हजार लिटर.
"लोचला पळतं पाणी लागतं," म्हणाला.
खरंच, दगडाला पोट चिकटवून
तो त्या लोटात सुखानं बसला.

गुरामी मात्र कोपऱ्यात,
लांब मिशा अंगाशी घेऊन,
वादळात छत्री सावरणाऱ्या बाईसारखी.
लिबुशेनं काही न बोलता
आपला जुना नायलॉनचा मोजा
नळीच्या तोंडाला बांधला.
आता लोच रुसला.

मग दुसरी टाकी आली. तिच्यात नुसता स्पंज:
एक बुडबुडा, आणखी एक,
मग बराच वेळ काहीच नाही.

जानेवारीत एका रात्री ओस्ट्रावात वीज गेली.
आवाज थांबला तसा बोहुमिल दचकून उठला.
लिबुशे आधीच उभी होती अंधारात,
लोचचं पाणी
सूपच्या डावानं ढवळत.