दिवस भरण्याआधी

मलावीच्या सरोवराकाठी उसिपा वाळत घातलेले,
बोटाएवढे, चांदीचे, फळ्याच्या फळ्या भरून,
आणि त्या वासातून वाट काढत आली ती,
आगोगो नाचिसाले.
वय विचारलं तर म्हणाली,
सरोवर चढून चर्चच्या पायरीला लागलं
त्या साली मला दात येत होते.
मी रजिस्टरात लिहिलं: अंदाजे सदुसष्ट.

तिनं मला पाहिलंय
माझ्या आईनं पाहण्याआधी.
पायाळू मी, निळी पडलेली.
तिनं उलटी धरून चापट मारली
आणि माझी वार केळीखाली पुरली.
ती केळ अजून आहे. घड फारसे देत नाही.

"मला काही दुखत नाही," ती म्हणाली.
"म्हणूनच बघायचं, आगोगो."
"दुखत नसताना मला आजवर कुणी बोलावलं नाही.
कळा सुरू झाल्या की मध्यरात्री, कंदील घेऊन, धावत,
तेव्हाच आठवते लोकांना सुईण."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
प्रशिक्षणातली वाक्यं होती, ती म्हटली.
पाळी जाऊन सतरा वर्षं झाली, ती म्हणाली,
नवरा जाऊन अकरा.
चूल विझलेल्या घरात धूर कसला शोधतेस?

मी तिच्या बहिणीचं नाव काढलं नाही.
एलुबे. शेवटचे चार महिने
त्या झोपडीवरून बायका श्वास रोखून जायच्या.
करणी केली म्हणायचे कुणीतरी.
ही तेवढी रोज आत जायची, चिंध्या धुवायला,
मग कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून
काठावर उभी राहायची, खूप वेळ.
बाळाचं डोकं कुठवर आलंय
हे अंधारात ओळखणारे हात.
तिथे काय वाढत होतं, त्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली,
"दे ती काडी."

तरुण बायकांना मी व्हिनेगर लावून बघते,
पांढरा डाग उठतो का.
तिच्या वयात ती जागा
गोगलगायीसारखी आत सरकलेली असते,
डोळ्यांना सापडत नाही.
म्हणून ही लांब काडी, टोकाला मऊ ब्रश,
आणि पडदा म्हणून माझंच जुनं चितेंजे, दोरीवर टाकलेलं.

त्यामागून हसू आलं.
"चारशे जणींना सोडवलं मी,
आणि स्वतःच्या घराचं दार कुठे ते विसरले!"
मग काहीच नाही.
बाहेर कुणीतरी मासे उलथत होतं.
नळीचं झाकण घट्ट लावून
तिनं ती माझ्या हातात दिली,
खाली तळवा धरून,
मान न धरलेलं पोर देतात तशी.

निकाल पाच आठवड्यांनी आला,
मोटरसायकलवरून, भिजक्या पाकिटात.
मी फोडत असताना ती म्हणाली,
"काय झालं? मुलगा की मुलगी?"
मला हसता आलं नाही.
विषाणू सापडलाय, मी सांगितलं.
कॅन्सर नव्हे. होईलच असंही नाही.
जिल्ह्याच्या इस्पितळात आतून नीट बघतील,
लागलं तर तेवढा भाग काढतील.
मंगळवारी गाडी आहे.

ती बोटांची पेरं मोजत बसली,
अंगठा सरकवत, सवयीनं,
जशी बायकांचे महिने मोजायची.
"म्हणजे त्याचे दिवस भरले नाहीत अजून."
"नाहीत."
"भरू द्यायचे नाहीत."

मंगळवारी उजाडायच्या आत
ती दवाखान्याच्या पायरीवर होती,
टोपलीत वाळलेले उसिपा, डॉक्टरसाठी,
आणि मागे तिघीजणी, साठीच्या पुढच्या,
मला काडी मागत.
त्यांना तिनं झोपेतून उठवून आणलं होतं,
दारोदार, कंदील घेऊन.

गावात त्या रात्री
कुणालाच कळा आल्या नव्हत्या.