जुन्या फोनांसाठी

सकाळी सात. किसुमूत वीज आली आहे,
म्हणजे बातम्याही आल्या.
ओकेलो दारातच वाचून दाखवतो, बूट न काढता:
काल रात्री मोठ्या कंपनीनं मंचावर करून दाखवलं,
नुसतं बोलायचं, की अ‍ॅप तयार.
प्रोग्रामर नको, डिझायनर नको.
चार मिनिटं.
मी विचारलं, चहाला किती?
तो हसला नाही.
मार्चचा पगार त्याला अजून निम्माच मिळालाय.

दुसरी बातमी तळाशी होती, दोन ओळींची.
सहा वर्षांहून जुन्या फोनांवर
ऑगस्टपासून नवं काही उतरणार नाही.
सुरक्षेसाठी, असं लिहिलंय.
कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.

आमचं अ‍ॅप तसं काहीच नाही.
कुठल्या किनाऱ्यावर आज ओमेना काय भावानं,
बर्फ कुणाकडे उरलाय, वारा कुठून,
जलपर्णीनं रात्रीत कुठला धक्का गिळला.
अकरा हजार चारशे माणसं रोज उघडतात,
बहुतेक पहाटे, बहुतेक ओल्या बोटांनी.
वासिकेनं तक्ता काढला. जुने फोन लाल रंगात.
पडद्यावर टोमॅटो फुटल्यासारखं झालं.

नैरोबीहून गुंतवणूकदाराचा फोन.
आवाज फार प्रेमळ.
म्हणाला, अपोंडी, तुझं अ‍ॅप चांगलं आहे,
तुझे ग्राहक चुकीचे आहेत.
मी हो म्हटलं.
लाइट बिलाची तारीख जवळ आली
की माणूस बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो.

दुपारी डुंगाच्या किनाऱ्यावर गेले.
जाळ्यांवर मासळी वाळत पडलेली,
चांदीचा कीस सांडावा तशी.
न्यागिलोचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत,
वरून रबरबँड, काचेला तीन तडे.
ती पिशवीतूनच बटणं दाबते.
मी सांगितलं. सांगताना उगाच हात हलवत होते.
"फोन मरणार?"
नाही, फोन चालेल. अ‍ॅप थांबेल, आहे तिथंच.
"म्हणजे भाव कालचाच दिसणार?"
कायमचा कालचा.
तिनं मासळी परतली, एक मूठ, मग दुसरी.
"बरंय की. काल भाव चांगला होता."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
मी तर मासेवालीशी करून आले होते,
तेही दुसऱ्या कुणाच्या वतीनं.

संध्याकाळी ओकेलोनं ते चार मिनिटांचं यंत्र उघडलं.
आमचंच अ‍ॅप मागितलं त्याच्याकडे.
आलं. गोल कोपरे, निळी लाट,
आमच्यापेक्षा नीट, खोटं कशाला बोलू.
दोन वर्षं आम्ही ज्या बटणावर भांडलो
ते त्यानं न भांडता योग्य जागी ठेवलं होतं.
फक्त भाव डॉलरमध्ये,
आणि ओमेना हा शब्द चुकलाय असं समजून
सगळीकडे ओमेगा केलेलं.
वासिके खुर्चीवरून घसरली.
ओकेलो हसला, दिवसभरात पहिल्यांदा,
मग गप्प झाला, म्हणाला,
"पुढच्या महिन्यात हेही शिकेल ते."

शिकू दे.
आम्ही रात्री बारापर्यंत बसून
भाव साध्या मेसेजवर पाठवायची सोय केली.
कोपरे नाहीत, लाट नाही,
एकशे साठ अक्षरांत अख्खा किनारा.
दर मेसेजचे पैसे आमच्या खिशातून;
वासिकेच्या हिशेबानं खिसा नोव्हेंबरपर्यंत पुरेल.
ओकेलो हिशेबाकडे बघत नव्हता.
खिडकीतून सरोवर दिसतं,
मासेमारीचे दिवे पाण्यावर निघाले होते,
एक लांब गेला, विझला वाटला, पुन्हा दिसला.

पहाटे पाच दहाला पहिला मेसेज गेला.
पाच अठराला न्यागिलोचं उत्तर,
तिच्या पैशानं, एक शिलिंग खर्चून:
बर्फ लिहायला विसरलात.